खाडीच्या बाजूचं शेत

हे मी आजवर कुणाजवळही बोललेले नाही. आईजवळ नाही, बहिणीजवळ नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा मी ह्या गोष्टीला वळसा घालून पुढे जाते. आमच्या ह्यांना अर्धं ठाऊक आहे, आणि ते अर्धंही चुकीचं, कारण ते मीच सांगितलेलं. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीचं माणूस समोर आलं की मी उन्हाळ्याच्या गोष्टी बोलायला लागते.

एरवी मी बोलण्यात कुणाला हार जाणारी नाही. सुरतेत, नवागामच्या बाजूला, एका मराठी शाळेत शिकवत होते. वर्गातला माझा आवाज रस्त्यावरच्या पानवाल्याला ऐकू जायचा. भाजीवाल्यांशी हुज्जत घालणं तर माझा आवडता उद्योग. माहेर नाशिकचं, त्यामुळे भाजीतलं आपल्यालाच कळतं अशी एक घमेंड. सांगायचं काय, तर मी गप्प बसणारी बाई नव्हते. फक्त एकदा गप्प बसले, आणि ते पुरलं.

पण असं नको. नीट सुरुवातीपासून सांगते. नाहीतर मी अशीच गोल गोल फिरत राहीन, इतकी वर्षं फिरतेच आहे.

आमच्या शाळेतली मुलं धुळ्या-नंदुरबारकडून आलेल्यांची. बाप लूमवर नाहीतर पांडेसऱ्याच्या रंगाच्या मिलमध्ये, आई घरी धागे कापायला किंवा साड्यांना टिकल्या लावायला बसलेली. दुपारी शाळेत जेवण मिळायचं, खिचडी आणि भाजी. धान्य सरकारातून यायचं, ते ठीक होतं. पण भाजी! पिवळी पडलेली मेथी, आतून काळी निघणारी वांगी. बाजार उठताना उरलेलं सगळं आमच्या स्वयंपाकघरात येत असावं. भुकेलं पोर काहीही खातं म्हणतात ना? खोटं आहे. आमची पोरं भाजी ताटाच्या कडेला लोटून नुसती खिचडी खायची, नाहीतर मधल्या सुट्टीत घरी पळायची.

छनाकाका आमच्या गल्लीच्या तोंडाशी सकाळी भाजी घेऊन बसायचे. दिंडोलीच्या पुढे त्यांचं गाव. साठीचा माणूस, सायकलच्या कॅरिअरला दोन टोपल्या बांधून यायचा. मी हुज्जत घालायला जायची आणि ते नुसते हसायचे, की माझीच पंचाईत. त्यांची वालाची पापडी मोडली की कट्‌ असा आवाज यायचा. एकदा मीच म्हटलं, काका, ही आमच्या शाळेत द्या ना. त्यांना थट्टा वाटली. पण मी मनावर घेतलं की घेतलं. मोठ्या गुरुजींच्या इतकी मागे लागले की शेवटी ते म्हणाले, बाई, तुमच्या मनासारखं करा, पण मला जगू द्या.

आणि ते जमलं. पहाटे काका भाजी तोडायचे आणि शाळा भरायच्या आत टोपल्या स्वयंपाकघराच्या दारात. पापडी, वांगी, दुधी, कोवळा मुळा. सिंधूबाई रांधायच्या. त्या शिरपूरकडच्या, नवरा गेलेला, हे काम त्यांना मीच मिळवून दिलं होतं. मुलं पुन्हा वाढायला मागू लागली. एकदा मी चौथीच्या मुलांना काकांच्या शेतावर घेऊन गेले. शेताच्या बांधाला लागून खाडी वाहते, मिलचं सगळं पाणी पोटात घेऊन. त्या दिवशी ती गुलाबी होती. मिलमध्ये जो रंग चाले, तोच खाडीला. मुलं ओरडली, तशी काकांनी सगळ्यांना मागे ओढलं आणि शेताच्या दुसऱ्या टोकाला विहिरीवर नेलं. भाजीला पाणी ह्या विहिरीचं, खाडीचा थेंबही नाही, असं त्यांनी मला पुन्हा पुन्हा सांगितलं. पोहरा सोडून सगळ्यांना पाणी पाजलं. सर्वांत जास्त मी प्यायले. गोड होतं.

म्हणजे मला ठाऊक होतं. एवढं तुमच्या लक्षात यावं म्हणून हे सांगितलं.

मग माझं नाव झालं. दुसऱ्या शाळांच्या बाई विचारायला येऊ लागल्या, तुमचे ते शेतकरी आम्हाला पण मिळतील का म्हणून. मोठे गुरुजी मीटिंगमध्ये माझं कौतुक करायचे, आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसले होते. खोटं का बोलू, मला ते फार आवडत होतं. एक दिवस निरोप आला की वरचे साहेब आमची व्यवस्था बघायला येणार आहेत. चांगली वाटली तर आणखी शाळांना अशीच गावं जोडून देणार.

सुरतेतल्या चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतरची वर्षं ती. शहराने स्वच्छतेचा असा धसका घेतला होता की उघडं पाणी दिसलं तरी साहेब लोक डोळे वटारायचे. आणि आमच्या स्वयंपाकघरात पाण्याचं एकच पिंप, गंजलेलं, झाकण हरवलेलं. शेतातली ताजी भाजी मातीसकट येते, ती धुवायला पाणीही जास्त लागे. मी ह्यांना म्हटलं, एक ड्रम आणा ना.

आमचे हे पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये स्टोअर सांभाळायचे. तिथे केमिकलचे निळे प्लास्टिकचे ड्रम रिकामे होत. आमच्या भागात असा ड्रम नसलेलं घर शोधून सापडलं नसतं. नळाला पाणी थोडा वेळ, मग साठवायचं कशात? ते घरात आणायची एक रीत होती. तोंडापर्यंत भरून ओतायचा. राख आणि चिंचेनं आतून घासायचा. मग भर उन्हात आडवा टाकून द्यायचा, वास पुरता जाईपर्यंत. त्यानंतरही बरेच दिवस त्यातलं पाणी फक्त कपड्यांना. पिण्याचं सगळ्यात शेवटी. हे शाळेत न गेलेल्या बायकांनाही माहीत होतं, आणि मला तर होतंच — माझ्या घरातला ड्रम मी स्वतः तसाच घासला होता.

शाळेसाठीचा ड्रम मिळाला तो साहेब येण्याच्या आदल्या संध्याकाळी. हे म्हणाले, आत काय होतं मी विचारलेलं नाही, नीट ऊन दाखव आणि मगच वापर. मी हो म्हटलं. आणि शाळेच्या शिपायाकडून साबणाच्या पाण्यानं खळबळून घेतला, झालं. सकाळी भरला. निळा, चकचकीत, घट्ट झाकणाचा. झाकण काढून मी डोकं आत घातलं.

वास होता.

फार नाही. नव्या रेक्झिनच्या पिशवीला येतो ना, तसा, जरासा गोडसर. सिंधूबाई बाजूलाच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, उकळल्यावर जाईल. जुनं पिंप मी आधीच मागे टाकून दिलं होतं, साहेबांच्या नजरेला पडू नये म्हणून. त्यांनी ड्रममध्ये भांडं बुडवलं.

साहेब त्या दिवशी आलेच नाहीत. काही काम निघालं म्हणे.

जेवणं झाली. थोड्याच वेळात पहिलीतलं एक पोर ओकलं. मग दुसरं. मग वर्गावर्गातून. पोट धरून मुलं व्हरांड्यात लोळत होती, काही तर घामाघूम होऊन गप्पच झाली होती, आणि त्यांची भीती जास्त वाटत होती. बाकीच्या बाई, गुरुजी, समोरचे दुकानदार, सगळे मुलांना उचलून रिक्षात घालत होते. आणि मी? मी स्वयंपाकघरात गेले. सिंधूबाईंचा मुलगाही जेवला होता, त्या दाराशी त्याला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी ड्रम एकटीनं आडवा केला. पाणी मोरीतून वाहून जाईपर्यंत तिथेच उभी राहिले. उरलेली खिचडी-भाजीही मागे खड्ड्यात टाकली. मग रिक्षा पकडून दवाखान्यात गेले.

तुम्हाला वाटेल, घाबरून केलं असेल. घाबरले होतेच. पण डोकं चालत होतं हो, अगदी नीट चालत होतं.

डॉक्टर तरुण होता. मुलांनी काय खाल्लं ते त्यानं विचारलं. खिचडी, पापडी-वांग्याची भाजी. भाजी कुठली? शेतातली. पाणी कुठलं?

"नळाचं," मी म्हटलं.

त्यानं लिहून घेतलं. खरंच होतं ना? नळाचंच होतं. त्याला काय हवं होतं हे मला कळत नव्हतं असं नाही. मुलं वाचवायला तो धडपडत होता, आणि त्याला लागणारी गोष्ट माझ्याजवळ होती. मी दिली नाही. भाजीवर मारलेल्या औषधाची बाधा धरून त्यानं उपचार केले. सगळी मुलं वाचली, हे आधीच सांगून टाकते. पण तिसरीतली मनीषा खूप दिवस तिथेच पडून होती. शाळेत परत आली तेव्हा तिचा हात थरथरायचा, अक्षर ओळीवर राहायचं नाही. मी तिला कधी शुद्धलेखनावरून बोलले नाही. बाकीच्या मुलांना वाटायचं, बाईंची ती लाडकी.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी साहेब आले, चौकशीला. मोठ्या गुरुजींच्या खोलीत आम्ही बसलो होतो. भाजीचा नमुना नाही, खिचडी नाही, भांडी घासलेली. मग हे शेत आहे तरी कुठे, असं त्यांनी विचारलं. ते फक्त मी पाहिलेलं, त्यामुळे सगळे माझ्याकडे वळले.

"शेताच्या बाजूला खाडी आहे, हे खरं," मी म्हटलं.

एवढंच. साहेबांनी हातातला कप खाली ठेवला. मोठ्या गुरुजींनी डोळे मिटले. काका पाणी कुठलं देतात, हे कुणी विचारलंच नाही. विचारायची गरज कुणाला वाटली? वाक्याचा पुढचा भाग माझ्या तोंडात तयार होता — पण पाणी विहिरीचं आहे, मी स्वतः प्यायलेय. तो मी गिळला.

त्या दोन दिवसांत मी एकही खोटं वाक्य बोलले नव्हते. किती वर्षं ह्याच्यावर मी स्वतःला झोपवलंय, काय सांगू. फक्त संध्याकाळी ह्यांनी विचारलं, ड्रमला ऊन दाखवलं होतंस ना? मी म्हटलं, हो. ते एक खोटं. ह्यांनी विश्वास ठेवला, आणि मग छनाकाकांना शिव्या घालणाऱ्यांत आमचे हेही होते.

काकांना ह्यातलं काहीच कळलेलं नव्हतं. चौकशीच्या त्या सकाळीही, खाडीची गोष्ट खोलीबाहेर पसरली तोवर, ते टोपल्या घेऊन आले. फाटकात पालक जमलेले, रात्रपाळीहून तसेच आलेले, अंगावर रंगाचे डाग. त्यांनी सायकल आडवी पाडली. खाडीवाला, खाडीवाला म्हणत पापडी पायाखाली तुडवली. एकानं काकांची गचांडी धरली. साप समजून सगळे भुई धोपटत होते, आणि साप शाळेच्या पायरीवर उभा राहून बघत होता. मग मी धावले. हो, धावले. मध्ये पडले, माझ्या त्या मोठ्या आवाजात सगळ्यांना दरडावलं, आणि काकांना मागच्या दारानं बाहेर काढलं. "काका, तुम्ही जा आता," मी म्हटलं, "मी बघते."

त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. आपल्या बाजूनं एक ही बाईच उभी राहिली, अशी त्यांची समजूत झाली. ती शेवटपर्यंत तशीच राहिली.

सिंधूबाईंशी माझं एकदाच बोलणं झालं. ड्रम मी केव्हाच भंगारवाल्याला देऊन टाकला होता. चूल पेटवता पेटवता, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "मी काही बोलाव नही, बाई. तुम्ही बी बोलू नका." त्यांचं काम गेलं असतं. ह्यांची नोकरी गेली असती, माझी तर नक्कीच. झाकली मूठ आम्ही दोघींनी मिळून धरली होती. एकीनं सोडली की दोघी उघड्या. त्यानंतर मला त्यांना कशावरूनही रागवता आलं नाही, आणि त्यांना माझ्याशी हसता आलं नाही. रोज त्याच स्वयंपाकघराच्या दारातून मला जावं लागे. बदली मागितली असती तर लोक म्हणाले असते, का? आणि त्या 'का'ला मी घाबरत होते. चांगलं काम करणारी बाई म्हणून माझं नाव अजून टिकून होतं, ते वेगळंच. भाजी पुन्हा बाजारातून येऊ लागली, आणि मुलं ती पुन्हा कडेला लोटू लागली. ज्या शाळा आमच्यासारखं करणार होत्या, त्यांतल्या एकीनंही केलं नाही.

काका नवागामला बसेनासे झाले. कोण घेणार? त्यांनी शेतात गुरांसाठी गवत लावलं. आणि तरी ते यायचे. काही महिने गेले की दुपारी फाटकाबाहेर सायकल लावून उभे राहायचे, माझ्या सुट्टीची वाट बघत. भाजी आणत नसत, काही मागत नसत. एकच विचारायचे, "बेन, पेली पोयरी हारी छे ने?" ती पोरगी, मनीषा, बरी आहे ना.

बरी आहे काका, मी म्हणायचे. खिडकीतून मनीषा दाखवायचे. ते लांबूनच बघायचे आणि निघून जायचे. त्यांची सायकल दिसली की मी वर्गातून उशिरा निघायची. एकदा तर मी मागच्या दारानं घरी गेले. ते ऊन उतरेपर्यंत उभे होते, असं शिपायानं सांगितलं.

इथपर्यंत सांगणं सोपं होतं. ड्रमची गोष्ट सांगणं म्हणजे काय — चूक झाली, घाबरले, लपवलं. माणसं करतात असं. तुम्ही कदाचित मनातल्या मनात मला थोडं सोडूनही दिलं असेल. पण मला जे सांगायचंय ते ह्याच्या पुढचं आहे.

मनीषा सातवीत होती त्या वर्षी काका शेवटचे आले. हातात काठी, सायकल नातवानं धरलेली. ह्या वेळी त्यांनी मनीषाबद्दल विचारलं नाही. मला जरा बाजूला, कडुनिंबाखाली नेलं. बऱ्याच दिवसांपासून विहिरीचं पाणी त्यांनी स्वतः पिणं सोडलं होतं, नातवंडांना तर शिवूही देत नव्हते. घरातल्या बायका दुसऱ्याच्या विहिरीवरून पाणी आणत. का, मी विचारलं नाही. ते आपणहून सांगू लागले.

"बेन, खाडी तो बाजूमां छे ज ने," ते म्हणाले. "अंदरथी कूवामां उतर्युं होय, तो मने हुं खबर?"

आतून विहिरीत उतरलं असेल, तर मला काय ठाऊक. खाडी बाजूला आहे — माझंच वाक्य. साहेबांसमोर उच्चारलेलं, तेच. ते त्यांच्यापर्यंत गेलं होतं आणि इतक्या वर्षांत त्यांच्या आत झिरपलं होतं. शहाण्या माणसांनी, शिकलेल्या बाईनं, जिनं आपली बाजू घेतली तिनंच सांगितलंय म्हणजे असेल. आयुष्यभर ज्या विहिरीचं पाणी ते प्यायले, जे कौतुकानं माझ्या ओंजळीत ओतलं, त्याच पाण्यानं आपण पोरांना मारायला निघालो होतो, असं त्यांनी मानलं होतं. ते माझ्याकडे बघत होते. खात्रीनं नाही म्हणू शकेल असं माणूस जगात एकच होतं, आणि ते त्यांच्यासमोर उभं होतं. सिंधूबाईंचं काम तेव्हा सुटलं होतं, त्या गावी गेल्या होत्या. ह्यांची मिल बंद पडली होती. माझ्यावाचून कुणाचं काही जाणार नव्हतं. नाही काका, पाणी चांगलं होतं तुमचं — एवढंच म्हणायचं होतं. ड्रमचं नावसुद्धा न घेता म्हणता आलं असतं.

मी काहीच बोलले नाही. ते मानेनं हो म्हणाले, जणू मी उत्तर दिलं होतं. काठी झाडाला टेकवून त्यांनी दोन्ही हात जोडले, वाकले, आणि पोरांचा मी गुन्हेगार आहे, मला माफ करा म्हणाले.

आणि मी त्यांचे हात धरून म्हटलं, "माफ केलं, काका."